आई-लेकराच्या भांडणात मदत कुठे मिळते: १४४१६, मैत्री क्लिनिक आणि गावाजवळच्या बाकीच्या सेवा

तेरा वर्षांची पोरगी मायवर खेकसते, माय तिच्यावर. शेजारीण म्हणते, "वयच तसं हाये तिचं." वय असतंच. पण त्याच उन्हाळ्यात मोठी बहीण लग्न होऊन सासरी गेलेली असते. तिच्या वाटचं झाडणं-सारवणं, पाणी भरणं आणि धाकट्या भावाला सांभाळणं या पोरीच्या अंगावर आलेलं असतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे नेमक्या पेरणीच्या धांदलीत. दिसायला भांडण दोघींचं असतं, पण त्याचं मूळ घरातून गेलेल्या तिसरीच्या रिकाम्या जागेत असतं.

खेड्यातल्या घराला फुकट किंवा जवळपास फुकट मिळणाऱ्या सेवा इथे या एका कसोटीवर पारखल्या आहेत: गेल्या वर्षभरात घरात कोण आलं, कोण गेलं, कोणाचं काम कोणावर पडलं, हे ती सेवा विचारते का? लेकराशी एकट्यानं बोलते का, आणि दुसऱ्या भेटीत मागचा धागा धरते का, हेही पाहिलं आहे. शिवाय आईची एका दिवसाची मजुरी बुडवून आणि एसटीचं तिकीट काढून जाण्याजोगं तिथे काही मिळतं का, हा आमच्या दृष्टीनं तितकाच मोठा प्रश्न आहे.

भावंडांवर एवढा भर का, ते आधी सांगायला हवं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही मुलांवर होता, आणि तो काही वर्षं चालला होता. थोरलं वयात येताना आई-बापाशी खटके वाढतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. या अभ्यासात दिसलं ते असं, की त्याच सुमारास धाकट्याशीही खटके वाढतात, मग धाकटं अजून पुरतं लहान का असेना. पुढे धाकटं स्वतः त्या वयाला पोचतं तेव्हा मात्र त्याच्याशी थोरल्याइतकी भांडणं होत नाहीत, कारण आई-बाप थोरल्यावर शिकून निघालेले असतात. तिथली घरं वेगळी, आपली वेगळी. तरी एक गोष्ट सरळ वापरता येते: दहा वर्षांचा पोरगा अचानक उलट बोलू लागला, तर आधी त्याच्या तेरा-चौदा वर्षांच्या भावाबहिणीशी घरात काय चाललंय ते पाहावं. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा १९९८ साली निघाला होता. वय वाढतं तशी भांडणांची संख्या घटते, पण चौदा-पंधराच्या सुमारास त्यांतला राग वाढलेला असतो, असं त्यात आढळलं. म्हणून "आता पहिल्यासारखी रोज कटकट नाही" एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

कापूस वेचणीच्या दिवसांतली संध्याकाळ घ्या. आई सातला वावरातून परतलेली, बोटांना बोंडांचे ओरखडे. घरात स्मार्टफोन एकच, तोही बापाचा, खिडकीजवळच्या बोर्डाला चार्जिंगला लावलेला. मोठीला गृहपाठाचा फोटो पाहायचा आहे, धाकट्याला गेम. धाकटा फोन ओढतो, मोठी त्याच्या हातावर मारते, धाकटा रडतो. आईच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "तू मोठी हायेस ना वो!" पोरगी म्हणते, "दर बारी मीच काहून?" इथून पुढे फोन बाजूला पडतो. भांडण न्यायाचं होतं, आणि त्यात आई न्यायाधीश नसून आरोपी असते. समोरच्या समुपदेशकाला हे शेवटचं वाक्य कळलं नाही, तर तो "मोबाईल कमी करा" एवढंच सांगतो. ते खोटं नाही, पण घरी पोचेपर्यंत विसरलं जातं.

टेली मानस, १४४१६

ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. साध्या बटणाच्या फोनवरूनही लागते, आणि खेड्यासाठी हीच तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो. गरज वाटली तर तो मानसोपचार तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतो.

आई-लेकराच्या भांडणासाठी पहिली पायरी म्हणून ही सेवा चांगली आहे, असं आमचं मत. रात्री नऊला भांडण झालं आणि छाती धडधडतेय, अशा वेळी दुसरं कुणीच उपलब्ध नसतं. मजुरी बुडत नाही, गावात बोभाटा होत नाही. पण समुपदेशकाला घर दिसत नाही. भांडणाच्या वेळी खाटेवर आजी बसलेली असते, काका दारात उभा असतो, बाळ पाळण्यात असतं, हे त्याला तुम्ही सांगितलं तरच कळतं. "माझी मुलगी खूप हट्टी झाली आहे" असं सांगितलंत तर उत्तरही तेवढंच मोघम येणार. म्हणून फोन लावण्याआधी वहीच्या एका पानावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात. लिहिता येत नसेल तर पोरांच्या मामीकडून किंवा अंगणवाडीताईकडून लिहून घ्यावं.

घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं आणि वयं, आणि कोण कुठे झोपतं. हे शेवटचं फालतू वाटतं, पण नवीन बाळ आल्यावर थोरल्याची जागा आईच्या कुशीतून आजीच्या खाटेवर गेलेली असते आणि भांडण नेमकं झोपताना होतं. दुसरं, गेल्या बारा महिन्यांत घरात आलेले आणि गेलेले: लग्न, बाळंतपण, मृत्यू, वाटणी, पुण्या-नागपूरला शिकायला किंवा कामाला गेलेला भाऊ, परत आलेली आत्या. तिसरं, मागच्या आठवड्यातली तीन भांडणं, प्रत्येकाची वेळ आणि पहिलं वाक्य. पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहावं, सुधारून नाही. चौथं, त्या वेळी बाकीची भावंडं कुठे होती आणि काय करत होती. पाचवं, भांडण मिटतं कसं: कोण मधे पडतं, की दोघं न जेवता झोपतात?

फोन दुपारी करावा, लेकरं शाळेत आणि सासूबाई झोपलेल्या असताना. रेंज नसेल तर धुऱ्यावर किंवा जिथे टॉवर पकडतो तिथे जावं. स्पीकर लावू नये. "घे, बोल यांच्याशी" म्हणत लेकराच्या हातात फोन कोंबू नये. ते दोन शब्द बोलतं, आणि दुसऱ्या वेळी तेही बोलत नाही. आणखी एक चूक फार होते: फोन सगळ्या घराचा असतो, पोरगी कॉलची यादी पाहते आणि तिला वाटतं माय आपली चुगली करून राह्यली. त्यापेक्षा आधीच सांगावं, "आपलं दोघींचं बिनसून राह्यलं, मला काय करावं समजत नाही, म्हणून मी फोन करते." तक्रार तिची नाही, मदत स्वतःसाठी, हे तिला कळायला हवं.

पुढच्या वेळी फोन केल्यावर तोच माणूस मिळेल, असं धरून चालू नये. पहिल्या बोलण्यात काय ठरलं ते त्याच पानाच्या मागे तारीख घालून लिहावं आणि दुसऱ्या वेळी तिथूनच सुरुवात करावी. एवढं केलं तर ही सेवा दुप्पट कामाची होते. हिंगोली-वाशीमकडची असो की गोंदियाकडची, आपली बोली बोलायला लाजू नये. "काहून", "पोट्टं", "करून राह्यली" हे मराठीच आहे, आणि शहरी मराठी ओढूनताणून बोलताना नेमकी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते.

मैत्री क्लिनिक

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे, आणि पोषण, प्रजनन आरोग्य, व्यसन, हिंसा यांच्या जोडीला मानसिक आरोग्य हा त्याचा उघड लिहिलेला भाग आहे. या वयासाठीची सरकारी दवाखान्यातली समुपदेशनाची खोली आपल्याकडे "मैत्री" नावानं ओळखली जाते. ती जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयांत शोधावी.

आमच्या पसंतीत ही सेवा पहिली. समोरासमोर बसणं आणि तेच माणूस पुन्हा भेटणं यानं जे होतं ते फोनवर होत नाही. पण प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक दिवशी समुपदेशक जागेवर असेलच असं गृहीत धरू नये. जायच्या आदल्या दिवशी आशाताईकडून किंवा दवाखान्यात फोन करून खात्री करून घ्यावी. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत जावं लागतं, म्हणून पहिली एसटी पकडणं बरं. पोराच्या शाळेचा हजेरीचा प्रश्न असेल तर शनिवार विचारून पाहावा, त्या दिवशी अनेक शाळा सकाळच्या असतात. बाजाराचा दिवस टाळावा, दवाखाना तुडुंब असतो.

चांगली भेट कशी ओळखायची? समुपदेशक आधी लेकराला एकटं बोलावतो, मग आईला एकटीला, मग दोघांना. या क्रमाचं कारण आहे. आई आधी बोलली तर लेकराला वाटतं निकाल लागून गेला. लेकरू आत असताना आईनं दाराशी कान लावून उभं राहू नये, बाहेरच्या बाकावर बसावं. लेकरानं आत काय सांगितलं ते आईला सांगितलं जात नाही आणि जाऊ नये. जीवाला धोका किंवा कुणी छळ करत असल्याचं निघालं तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुढची पावलं उचलावीच लागतात. समुपदेशकानं हे सुरुवातीलाच लेकरासमोर स्पष्ट सांगायला हवं. पहिल्याच दहा मिनिटांत दोघींना समोरासमोर बसवून "आईचं ऐकत जा बेटा" सांगून मोकळं केलं, तर तो उपदेश झाला. अशी भेट झाली तर निराश होऊन घरी बसू नका. दुसऱ्या दिवशीची वेळ मागा आणि सरळ म्हणा, "आधी हिच्याशी एकटीशी बोला, मी बाहेर बसते."

धाकट्याला सोबत न्यावं की नाही, हा प्रश्न नेहमी येतो. पहिल्या भेटीला नेऊ नये. तो मांडीवर बसून चुळबुळ करतो, सगळं लक्ष त्याच्याकडे जातं, आणि थोरलीला घरात जे रोज दिसतं तेच दवाखान्यातही दिसतं. शेजारी किंवा मोठ्या मायकडे ठेवून जावं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत समुपदेशकानं बोलावलं तर नेता येईल.

एका भेटीत काही होत नाही. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन भेटी एवढं तरी मनात धरावं, आणि प्रत्येक भेटीतून घरी एकच काम घेऊन यावं. दोन-तीन कामं सांगितली तर "यातलं आधी कोणतं?" असं विचारावं. कपाशीच्या वेचणीच्या किंवा तुरीच्या काढणीच्या तोंडावर भेटी सुरू केल्या तर दुसरी भेट हमखास चुकते. पोळ्यानंतरचे किंवा होळीनंतरचे आठवडे बरे पडतात, पण दहावीचं पोर असेल तर फेब्रुवारी-मार्च सोडून.

याच कार्यक्रमाखाली शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. ती जेवण झाल्यावर घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर मळमळतं आणि पोरं गोळी फेकून देतात. भांडणाच्या लेखात गोळी कशाला, असं वाटेल. रक्त कमी असलेलं लेकरू दमतं, चिडतं, संध्याकाळी काम सांगितलं की अंगावर येतं, आणि आईचंही रक्त कमी असेल तर दोघी एकाच वेळी थकलेल्या असतात. पहिल्या भेटीच्या दिवशी दोघींचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. त्याच दवाखान्यात होतं.

कोणत्या बदलात कोणती चूक होते

सेवा कोणतीही असो, तिथे जाण्याआधी आपल्या घरात कोणता बदल झालाय ते ओळखता आलं तर निम्मा वेळ वाचतो.

नवीन बाळ आलं की थोरलं, विशेषतः दोन ते पाच वर्षांचं, आईशी जास्त झगडतं. आपल्याकडे बाळंतपणाला आई माहेरी जाते. थोरल्याला मागे आजीजवळ ठेवलं, तर त्याच्या हिशेबानं माय गेली आणि परत आली तेव्हा दुसऱ्याची होऊन आली. अंथरूण ओलं करणं, पुन्हा बाटली मागणं, बाळाला दूध पाजतानाच काहीतरी सांडणं हे काही दिवस चालतं आणि बहुतेक घरांत काही महिन्यांत ओसरतं. ब्रिटनमधल्या ज्युडी डन यांच्या अभ्यासात एक कामाची गोष्ट निघाली: ज्या आया थोरल्याशी बाळाबद्दल, त्यालाही मन आहे अशा रीतीनं बोलत होत्या, त्या घरांत थोरलं बाळाशी जास्त मायेनं वागत होतं. म्हणजे "बाळाला त्रास देऊ नको" ऐवजी "पाह्य बरं, हा काहून रडून राह्यला असंल? भूक लागली का गर्मी झाली?" उत्तर थोरल्याला देऊ द्यावं. सव्वा महिन्यात पाहुण्याबाया येतात आणि थोरल्याला म्हणतात, "आता तुह्यी काही किंमत नाही बरं." गमतीत म्हणतात, पण त्यांना तिथल्या तिथे थांबवावं.

बहिणीचं लग्न किंवा भावाचं बाहेर जाणं यात चूक कामाच्या वाटणीत असते. गेलेल्या माणसाची कामं एका कागदावर लिहा. दहा-बारा निघतील. ती सगळी एकाच पोरीवर आपोआप सरकलेली असतात, कुणी ठरवलेलं नसतं. त्यातली निदान तीन धाकट्या मुलाकडे द्या: ताटं उचलणं, कोंबड्या झाकणं, पिण्याच्या पाण्याचे हंडे भरणं. मुलगा आहे म्हणून सोडलं, तर पोरगी ते मोजत असते. भावंडांना वेगवेगळं वागवलं म्हणजेच बिघडतं असं नाही. लेकरं वयाचा, आजारपणाचा फरक समजून घेतात. त्यांना पटेल असं कारण मिळालं नाही की ती आईशी भांडतात. "तो परीक्षेला बसला, म्हणून एक महिना त्याचं काम तू कर, मग तुह्या परीक्षेत तो करील" हे पटतं, पण पुढच्या महिन्यात खरंच व्हायला हवं. तान्ह्या पोळ्याला दोन लेकरांत एकच लाकडी नंदी आणून "मिळून खेळा" म्हणणं नको. दोन लहान आणा, आकार सारखा. रंग त्यांना निवडू द्या.

चुलत्यांपासून वेगळं निघणं, ही बाब समुपदेशनात फार क्वचित विचारली जाते, म्हणून स्वतः सांगावी. मोठ्या घरात आई चिडली की लेकरू आजीमागे लपायचं, आजी दोन्हीकडे रागवायची आणि विषय संपायचा. वाटणी झाली, स्वयंपाकघरं दोन झाली, आणि मधे पडणारं माणूसच गेलं. बोलणं बंद असलं तरी लेकरांचं आजीकडे जाणं बंद करू नये. मोठ्यांचा धुऱ्याचा वाद लेकरांवर लादला की त्याचा राग शेवटी आईवरच निघतो, कारण रोज समोर तीच असते.

बाप गेल्यावरचं घर सगळ्यात अवघड. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तेराव्यालाच पाहुणे सांगतात, "आता तूच घरचा कर्ता." आईही म्हणते. तो शाळा सोडतो, बियाणं आणतो, सोसायटीत जातो. आणि एका रात्री उशिरा आला म्हणून आई त्याला लहान पोरासारखं बोलते. भांडण इथे पेटतं, कारण त्याला दोन जागा दिल्यात, कर्त्याची आणि लेकराची, आणि कोणती कधी, ते कुणीच ठरवलेलं नाही. धाकटी भावंडंही मग कुणाचं ऐकायचं यावरून दोघांना एकमेकांविरुद्ध वापरतात. यावर सरळ उपाय म्हणजे दोन याद्या. वावराची कामं, बियाण्याची निवड, ट्रॅक्टरची पाळी हे त्यानं आणि आईनं मिळून ठरवायचं. धाकट्यांची शाळा, शिक्षा, बहिणीचं येणं-जाणं हे फक्त आईनं. पैशाची यादीही लिहावी. शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणांत राज्य सरकारची जी एक लाखाची मदत ठरली, तिच्यात ३० हजार हाती आणि ७० हजार ठेव अशी विभागणी होती. ठेव कुणाच्या नावे, व्याज कशाला, हे लेकरांपासून लपवलं की संशय सुरू होतो. चौदा वर्षांपुढच्या मुलांना पासबुक दाखवावं.

अशा घरासाठी बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या मुलांना घरीच राहून शिकता यावं म्हणून २०२३ पासून दरमहा २२५० रुपये ठरलेले आहेत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. अंगणवाडीताईला कागदपत्रांची माहिती असते. भांडणाशी या योजनेचा संबंध असा, की थोरल्यानं शाळा सोडायची की नाही हा निर्णय कधीकधी एवढ्याच रकमेवर अडलेला असतो.

आईचा पाट लागला किंवा बापानं दुसरं लग्न केलं आणि दोन घरची लेकरं एकत्र आली, तर एक-दोन वर्षं घडी बसायला लागतातच. या काळात नव्या माणसानं रागावायचं काम हाती घेऊ नये. नियम सांगणं आणि शिक्षा जन्मदात्या आईकडे किंवा बापाकडेच ठेवावी.

बाकीच्या सेवा, थोडक्यात

१०९८ हा लहान मुलांचा मदतीचा नंबर, अठरा वर्षांखालच्यांसाठी, चोवीस तास, फुकट. आता राज्याच्या महिला व बालविकास विभागामार्फत चालतो. तो रोजच्या कटकटीसाठी नाही. लेकरू घरातून निघून गेलं, मारहाण होते, बालविवाह ठरवला जातोय, कुणी अंगाला हात लावला, तिथे हाच नंबर. लेकराला तो पाठ असावा, आईला त्याचं वाईट वाटू नये.

मानसोपचार तज्ज्ञ लागला तर जिल्हा रुग्णालयातली बाह्यरुग्ण सेवा, किंवा नागपूर, अकोला, यवतमाळ, सेवाग्राम इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे विभाग. लेकरू महिनाभर नीट झोपत नाही, शाळा सुटली, मित्र सुटले, खाणं घटलं असं असेल तर भांडणाचं समुपदेशन पुरणार नाही, इथेच जावं. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव ऐकून लोक घाबरतात, पण तिथेही दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं.

गावातली आशाताई ही सेवा धरायची का? धरायची, पण वेगळ्या कामासाठी. ती साधारण हजार लोकसंख्येमागे एक असते, प्रत्येक घर ओळखते, कोण कधी आलं-गेलं तिला माहीत असतं. दवाखान्याची वेळ काढून देणं, सोबत जाणं, योजनेचा कागद सांगणं हे ती उत्तम करते. घरातलं भांडण सोडवायला मात्र तिला बसवू नये. तिचंही घर त्याच गल्लीत आहे, आणि लेकराला तिच्यासमोर मोकळं बोलता येत नाही.

एक गोष्ट मात्र फोन लावण्याआधी, दवाखान्यात जाण्याआधी, आजच करायची. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. भांडणाचा राग अर्ध्या तासात उतरतो, पण त्या अर्ध्या तासात डबा हाताशी असला की होत्याचं नव्हतं होतं. हंगामात लागेल तेवढंच आणा, उरलेलं कुलपाच्या पेटीत, राहत्या घराबाहेर, आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. उंच फळी पुरत नाही, तेरा वर्षांच्या पोराचा हात तिथे पोचतो. पाण्याच्या किंवा थंडपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. लेकरू "मी मरून जाईन" म्हणालं तर ते धमकी म्हणून सोडू नका, एकटं ठेवू नका, त्याच वेळी १४४१६ लावा. औषध पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ची गाडी बोलवा. मिठाचं पाणी पाजू नका, उलटी करवू नका, कपड्यावर सांडलं असेल तर कपडे बदला आणि अंग धुवा. औषधाचा डबा लेबलासकट दवाखान्यात सोबत न्या, डॉक्टरांना नेमकं काय गेलं ते त्यावरूनच कळतं.